पिल्लू घरी येण्याआधी आणि आल्यानंतरचे पहिले काही महिने

चावणारा कुत्रा, घरभर शू करणारा कुत्रा, एकटा राहिला की दार ओरबाडणारा कुत्रा. अशा कुत्र्यांची माणसं मदत मागायला येतात तेव्हा कुत्रा बहुतेक वेळा दीड-दोन वर्षांचा झालेला असतो. सवय मात्र कितीतरी आधी लागलेली असते आणि तेव्हा ती कुणाला खटकलेलीही नसते. पाच किलोचं पिल्लू अंगावर उड्या मारतं तेव्हा सगळे हसतात, तेच तीस किलोचं झालं की ओरडतात. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली स्पष्ट लिहिलं, की तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण संसर्गजन्य रोग नसून वर्तनाच्या समस्या आहेत. नकोसा झालेला कुत्रा सोडून दिला जातो, निवाऱ्यात पोहोचतो आणि तिथेही कुणी नेला नाही तर त्याला दयामरण दिलं जातं. हे बऱ्याच अंशी टाळता येतं. कुत्रा जे वारंवार करतो ते त्याच्यात मुरतं. म्हणून नको असलेलं वागायची संधीच त्याला कमी द्यायची आणि हवं ते त्याच्याकडून भरपूर वेळा करून घ्यायचं. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

निवड

कुत्र्याचे फोटो बघण्याआधी स्वतःचा दिवस कागदावर मांडा. सकाळी किती वाजता कोण उठतं, घर किती तास रिकामं असतं, संध्याकाळी खरोखर किती वेळ हातात उरतो. पुढे आपण रोज पाच किलोमीटर पळायला लागू, या भरवशावर कुत्रा निवडू नका. आज जेवढं चालता तेवढं धरा. घरात दिवसाचे सात-आठ तास कुणीच नसेल आणि मधे येऊन बघणारं माणूसही नसेल, तर आठ आठवड्यांचं पिल्लू आणू नये असं माझं ठाम मत आहे. दोन-तीन वर्षांचा शांत कुत्रा अशा घरात जास्त सुखाने राहतो.

जातीचा विचार करताना तिला पिढ्यानपिढ्या कोणत्या कामासाठी जोपासलं गेलं ते आधी बघा. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीला हलणाऱ्या गोष्टीला घेरायची ओढ असते. मेंढ्या नसल्या की ती सायकलीमागे आणि पळणाऱ्या मुलांमागे लागते. टेरियर बिळातले प्राणी उकरून काढायला तयार केलेले, त्यामुळे ते बाग उकरतात. बीगलचं नाक एकदा वासाला लागलं की हाका वाया जातात. यातलं काहीही बिघडलेलं वर्तन नाही. त्या कामाला दुसरी वाट काढून दिली नाही तरच ते डोकेदुखी होतं.

पण जातीवर फार विसंबूही नका. १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२२ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आला. त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने समजावता आला. माणसाचं ऐकण्याची ओढ अशा काही गुणांत जातीचा हात जास्त दिसला, पण कुत्रा किती पटकन चिडेल हे जातीवरून जवळजवळ सांगताच आलं नाही. ‘ही जात लहान मुलांसाठी चांगली’ या वाक्यावर घरातलं मूल सोपवू नये, ते याच कारणाने. समोरचा कुत्रा कसा आहे ते बघावं.

पिल्लू घेत असाल तर आधी आईला भेटा. आई तुम्हाला पाहून मागे सरकत असेल, गुरगुरत असेल किंवा तिला ‘आत्ता बाहेर आणता येणार नाही’ असं सांगितलं जात असेल, तर तिथून परत फिरा. भित्रेपणा रक्तातून येतो आणि भेदरलेल्या आईला बघूनही पिल्लं शिकतात. पिल्लं कुठे वाढली तेही बघा. घरात, माणसांच्या पायात, भांड्यांच्या आवाजात वाढलेलं पिल्लू आणि मागच्या अंगणातल्या पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू यांच्यात आठव्या आठवड्यालाच मोठा फरक पडलेला असतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू उचलू नये. सहाव्या ते आठव्या आठवड्यात ते भावंडांकडून आणि आईकडून चाव्याचा जोर आवरायला शिकतं. तो धडा माणसाला पुढे शिकवता येतो, पण फार कष्टाने.

पिल्लांच्या घोळक्यातून एक निवडताना लोक चाचण्या घेतात. सातव्या आठवड्याच्या अशा चाचणीवरून मोठेपणीचा स्वभाव सांगता येतो, हे काही खरं नाही. दोन्ही टोकं मात्र ओळखता येतात. दोन-तीन मीटर लांब एक चमचा जमिनीवर पाडा. दचकणं ठीक आहे. दचकून काही सेकंदांत वास घ्यायला येणारं पिल्लू चांगलं. कोपऱ्यात जाऊन तिथेच गोठून बसणारं पिल्लू बघून जीव कळवळतो आणि लोक नेमकं तेच उचलून आणतात. घरात अनुभवी माणूस आणि वर्षभराची सवड असेल तरच ते आणावं. आणि दोन भावंडं एकत्र आणू नका. ती एकमेकांत इतकी गुंततात, की माणसाकडे लक्ष देणं आणि एकटं राहणं या दोन्ही गोष्टी शिकवायला दुप्पटीहून जास्त मेहनत पडते.

मोठा कुत्रा निवाऱ्यातून आणताना एका भेटीत ठरवू नका. दोन-तीनदा जा, एकदा तरी बाहेर फिरवून बघा. आधीच्या घराने का सोडला, एकटा राहतो का, मुलांबरोबर राहिला आहे का, खाताना जवळ गेलं तर काय करतो, हे विचारा. घरी आल्यावर पहिले काही दिवस तो दबून असतो आणि लोकांना वाटतं, किती गुणी आहे! खरा स्वभाव उलगडायला काही आठवडे लागतात, पूर्ण रुळायला तीनेक महिने. पहिल्या आठवड्यात पाहुणे, समारंभ, दुसऱ्या कुत्र्यांच्या भेटी असलं काही ठेवू नका.

खिडकी लवकर बंद होते

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हा भाग ठेवा. पिल्लाचं मन साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत नव्या गोष्टी ‘या जगात असतातच’ म्हणून स्वीकारतं. त्यानंतर नवी गोष्ट आधी संशयाची ठरते. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, त्यातून हा काळ नीट समजला. तिथल्याच १९६१ च्या एका प्रयोगात काही पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात माणसाच्या सहवासाविना वाढवली होती. मधल्या वयात एकेक आठवडा माणसांत राहिलेली पिल्लं माणसाळली. चौदा आठवडे माणसाशी संबंधच न आलेली पिल्लं नंतरही माणसाला बिचकतच राहिली.

पिल्लू आठव्या आठवड्याला घरी येतं म्हणजे तुमच्या हातात चार ते सहा आठवडे उरतात. आणि नेमकं याच काळात ‘लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढू नका’ असं सांगितलं जातं. पार्व्हो या पिल्लांचा जीव घेणाऱ्या विषाणूचं भय खरं आहे. तो विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो. पण उपाय घरात कोंडणं हा नाही. पिल्लाला उचलून घेऊन बाहेर न्या. कडेवरून त्याला रस्ता, गर्दी, वाहनं, पाऊस सगळं दिसतं. अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर मात्र ठेवू नका. लसी पूर्ण झालेल्या ओळखीच्या, समंजस कुत्र्याच्या घरी न्या. सुरुवातीला सांगितलेल्या पशुवैद्यांच्या संघटनेनुसार सातव्या-आठव्या आठवड्यापासून, म्हणजे पहिली लस आणि जंतांचं पहिलं औषध झाल्यावर सात दिवसांनी, पिल्लांच्या स्वच्छ वर्गात जायला हरकत नाही. तुमच्या भागात साथ असेल तर हा निर्णय तुमच्या पशुवैद्याशी बोलून घ्या.

काय दाखवायचं? दाढीवाला माणूस, टोपी घातलेला, काठी टेकत चालणारा, चाकाच्या खुर्चीतला, रांगणारं बाळ, भांडणारी मुलं, दारावरची बेल, व्हॅक्यूम क्लीनर, गुळगुळीत फरशी, जाळीची पायरी, लिफ्ट, गाडीतला प्रवास. पण दाखवणं म्हणजे तोंडासमोर आणून ठेवणं नव्हे. इथे बरेच जण चुकतात आणि भीती घालवण्याऐवजी ती पेरतात.

छत्रीचं उदाहरण घ्या. मिटलेली छत्री जमिनीवर ठेवा आणि पिल्लाला स्वतःहून जाऊ द्या. वास घेतला की खाऊचा तुकडा. मग पाच-सहा मीटर लांब दुसऱ्या माणसाने छत्री हळूच चार बोटं उघडावी. पिल्लाने बघितलं की लगेच तुकडा. छत्री मिटली की खाऊ बंद. असं पाच-सहा वेळा झालं की अर्धी उघडा, मग पूर्ण, मग जरा जवळून. क्रम महत्त्वाचा आहे. आधी छत्री दिसायला हवी, खाऊ त्यानंतर यायला हवा. आधी खाऊ दाखवून मग छत्री उघडलीत तर खाऊ हीच धोक्याची खूण ठरते आणि पिल्लू खाऊ बघूनच मागे सरकायला लागतं. अंतर बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं? एरवी खाऊवर तुटून पडणारं पिल्लू खाऊ तोंडात घेत नसेल, हातावर दात लागतील इतकं ओरबाडून घेत असेल, शेपूट पोटाखाली गेली असेल, झोप नसताना जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. मुकाट्याने दुप्पट अंतरावर जा.

अनोळखी माणसांच्या बाबतीतही तेच. पिल्लू हातोहात फिरवू नका. माणसाने खाली बसावं, हात स्वतःकडेच ठेवावा, पिल्लाला येऊ द्यावं. तीन सेकंद छातीखाली खाजवावं आणि थांबावं. पिल्लू आणखी जवळ आलं तर पुढे, नाही आलं तर तिथेच सोडावं. आपल्या नकाराला किंमत आहे, हे समजलेल्या कुत्र्याला दात वापरायची गरज फारशी पडत नाही.

याच काळात अंगाला हात लावून घ्यायची सवय करा. कान उचला, तुकडा द्या. ओठ वर करून दात बघा, तुकडा द्या. पंजा धरा, एक नख कापा, तुकडा द्या, आणि आजचं काम तिथेच संपवा. एका बैठकीत अठरा नखं उरकायचा हट्ट केलात की पुढची बारा वर्षं नखं कापण्यासाठी चार माणसं लागतात.

आणखी एक. पिल्लू घाबरून तुमच्याकडे आलं तर त्याला खुशाल जवळ घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. भीती ही भावना आहे, ती बक्षिसाने पक्की होत नाही. ज्याला आधार मिळतो ते पिल्लू पुन्हा बघायला पुढे जातं.

शू-शी

पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला तर जेवढे तास होतात तेवढं ते फार तर रोखू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास, तेही झोपेत. जागेपणी दर तासाला बाहेर न्या. शिवाय झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत आणि खेळताना मधेच खेळ सोडून जमीन हुंगायला लागलं की लगेच.

ठरलेल्या जागी पट्ट्याने न्या, अंगण स्वतःचं असलं तरी. पाच मिनिटं झाडासारखं उभं राहा, बोलू नका, खेळू नका. शू संपली की तिथल्या तिथे, एक-दोन सेकंदांत खाऊ द्या. घरात परत येऊन दिलात तर ते बक्षीस घरात येण्याचं झालं. काही झालंच नाही तर आत आणा, नजरेखाली किंवा क्रेटमध्ये (पिंजऱ्यासारख्या झोपायच्या पेटीत) ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या. क्रेट एवढाच हवा, की पिल्लू उभं राहू शकेल, वळू शकेल, पाय पसरून झोपू शकेल. त्याहून मोठा असला की एका कोपऱ्यात शू आणि दुसऱ्यात झोप सुरू होते. मोठ्या कुत्र्याच्या मापाचा क्रेट आधीच घेतला असेल तर मधे आडवी फळी घाला.

घरात झालं तर ओरडू नका. ओरडल्यावर पिल्लू एवढंच शिकतं, की या माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि बाहेर पट्ट्यावर तुमच्यासमोर करेनासं होतं. ‘त्याला कळतं, बघा कसं तोंड पाडून बसलंय’ हेही खरं नाही. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांचा तो ‘अपराधी’ चेहरा मालक रागावण्याशी जुळला. कुत्र्याने खरोखर आगळीक केली होती की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. पुसताना एन्झाइम असलेलं क्लीनर वापरा, कारण नुसत्या फिनेलने माणसाला वास येत नाही, कुत्र्याला येतो. अमोनिया असलेलं काही वापरू नका. त्याचा वास मुत्रासारखाच असतो. चार आठवडे एकही चूक झाली नाही की मग एकेक खोली मोकळी करा. एकदा शिकलेला कुत्रा अचानक घरात शू करायला लागला, तर आधी लघवीची तपासणी करून घ्या.

दात आणि झोप

पिल्लू चावतं म्हणजे ते रागीट आहे असं नाही. त्याला २८ दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमाराला ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे येतात. तोवर हिरड्या शिवशिवत असतात. भिजवून पिळून फ्रीझरमध्ये ठेवलेला सुती कापडाचा पीळ चघळायला द्या, नजरेसमोर. चघळायची कोणतीही वस्तू घेताना तिच्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा. खळी पडत नसेल तर ती फार कडक आहे, तिने दात तुटू शकतो.

हातावर दात आले की हात झटकन ओढू नका, कारण पळणारी वस्तू पकडायला पिल्लू आणखी झेपावतं. हात थिजवा, दुसऱ्या हाताने खेळणं तोंडाशी आणा. तरीही चावत राहिलं तर उठा आणि जाळीच्या फाटकापलीकडे तीस सेकंद उभे राहा. शब्द नाही, रागावणं नाही. खेळ संपतो, एवढंच त्याला कळायला हवं.

संध्याकाळी पिल्लू वेड्यासारखं चावत सुटतं, घरभर गिरक्या घेतं, आणि लोक त्याला दमवायला आणखी खेळवतात. त्याला झोप हवी असते. या वयात दिवसाला अठरा ते वीस तास झोप लागते. तासभर जागं, मग दोन तास झोप, अशी घडी बसवली की चावण्याची निम्मी तक्रार आपोआप मिटते.

एकटं राहणं

हे कुत्र्याला शिकवावं लागतं, हेच पुष्कळांना माहीत नसतं. पहिले दोन आठवडे चोवीस तास मांडीवर आणि मग सोमवारपासून एकदम आठ तास एकटं, यातून भीतीचा आजार जडतो. पहिल्या दिवसापासून पिल्लू जागं असताना फाटकाच्या पलीकडे जा आणि पाच सेकंदांत परत या. मग दहा सेकंद, मग तीन, मग वीस. दर वेळी वाढवतच नेलंत तर ‘आता आणखी लांबणार’ हे त्याच्या लक्षात येतं, म्हणून मधे मधे सोपं ठेवा. चपला घाला आणि परत सोफ्यावर बसा. किल्ल्या वाजवा आणि पुस्तक उघडा. म्हणजे किल्ल्यांचा आवाज म्हणजे संकट, ही गाठ बसणार नाही. बाहेर पडून फोनवरच्या कॅमेऱ्यात बघा आणि रडू फुटायच्या आत परत या. अर्ध्या-पाऊण तासापर्यंत पोहोचणं सगळ्यात कष्टाचं असतं, पुढची वाढ भराभर होते.

‘रडू दे, आपोआप गप्प होईल’ हा सल्ला कृपा करून पाळू नका. गप्प होतं ते बहुधा थकून, आणि पुढच्या वेळी लवकर घाबरतं. कंटाळा आणि भीती वेगळी ओळखा. कंटाळलेला कुत्रा जरा उशिराने काहीतरी कुरतडतो, आणि जाताना ठेवलेला खाऊ खातो. घाबरलेला कुत्रा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो, दारं आणि खिडक्याच ओरबाडतो, लाळ गाळतो, आवडीच्या खाऊलाही तोंड लावत नाही. अशा कुत्र्याला क्रेटमध्ये कोंडू नका. तो गज चावून दात आणि नखं मोडून घेतो. त्याला पशुवैद्याकडे न्या. औषध आणि सराव एकत्र चालले तर सुधारणा लवकर होते.

ताट, गुरगुर आणि शिक्षा

कुत्रा खाताना ताटात हात घालायचा, म्हणजे त्याला कळेल घरात मोठं कोण, असं अजूनही सांगितलं जातं. त्यातून त्याला कळतं ते एवढंच, की जवळ येणारा हात अन्न पळवतो. उलट करा. पिल्लू खात असताना दोन पावलांवरून जाता जाता ताटात त्याच्या जेवणाहून चविष्ट काहीतरी टाका आणि निघून जा. तुमची पावलं ऐकून शेपूट सैल हलायला लागली की काम झालं. मोजा चोरून पळालं तर पाठलाग नको. मोज्याहून भारी काहीतरी देऊन अदलाबदल करा. वस्तू धोक्याची नसेल तर ती परतही द्या. सोडण्यात तोटा नाही, हे त्याला पटायला हवं.

गुरगुरण्याला कधीच शिक्षा करू नका. गुरगुर ही सूचना आहे. ती बंद पाडली तर पोटातली भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रा न सांगता चावतो. अचानक, काहीही न करता चावला असं सांगितलं जातं, तिथे मागे बहुधा हेच घडलेलं असतं. गुरगुरला की थांबा, लांब व्हा, आणि कशावरून झालं ते लिहून ठेवा.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ साली, वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, की काय काय करून बघितलं आणि कुत्र्याने काय केलं. कुत्र्याला मारणं किंवा लाथ घालणं या उपायावर ४३ टक्के कुत्रे उलटले. उताणं पाडून दाबून धरण्यावर ३१ टक्के. हे उताणं पाडणं ज्या ‘अल्फा’ कल्पनेवर, म्हणजे मारामारी जिंकून कळपाचा म्होरक्या होण्याच्या कल्पनेवर उभं आहे, ती बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली होती. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९७० मध्ये ती लोकांपर्यंत नेली आणि रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये स्वतःच सांगितलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. मारामारी करून गादी मिळवायचा प्रश्नच तिथे नसतो.

शिकवायची रीत

खाऊचा तुकडा वाटाण्याएवढा, मऊ, एका घासात संपणारा. दिवसभरातल्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपुढे खाऊ जाऊ देऊ नका. पिल्लाचं रोजचं जेवणच मोजून खिशात ठेवलं तर उत्तम. बाजारच्या गोड पदार्थांत साखरेऐवजी घातलेलं झायलिटॉल असू शकतं. ते कुत्र्याला विष आहे. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदाही नको. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, एवढं पुरतं. हवी ती गोष्ट घडली की सेकंदाच्या आत ‘येस’ म्हणा किंवा क्लिकर (दाबली की टिक्‌ वाजणारी छोटी डबी) वाजवा आणि मग खाऊ द्या. उशीर झाला तर ‘बस’चं बक्षीस ‘उठ’ला जातं.

घरात बसणारा कुत्रा बागेत बसत नाही, तेव्हा तो हट्टी नसतो. कुत्र्याला एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप लागू करता येत नाही. खोली, जिना, दार, शांत गल्ली, मग बाग, असं प्रत्येक ठिकाणी सोप्यापासून सुरू करा.

हाकेचा शब्द जपून ठेवा. आंघोळीला, औषधाला किंवा फिरणं संपवायला त्या शब्दाने बोलवू नका, जवळ जाऊन उचला. मैदानात दहापैकी नऊ वेळा हाक, खाऊ, आणि ‘जा, खेळ’. जोवर हाक पक्की होत नाही तोवर पाच ते दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) लावून ठेवा, गळपट्ट्याला नको, झटका मानेला बसतो. रोजच्या फिरण्याला दीड-दोन मीटरचा साधा पट्टा घ्या. ओढलं की आपोआप लांबणाऱ्या पट्ट्यावर कुत्रा हेच शिकतो, की ओढलं की दोरी वाढते. पट्टा ताणला की थांबा, सैल झाला की चाला. घाईत असाल त्या दिवशी हा सराव करू नका, छातीपुढे कडी असलेला हार्नेस घाला. एक दिवस ओढू देणं आणि एक दिवस थांबणं, यातून ओढणं जास्त चिवट होतं.

जेवताना तोंडाकडे बघत भुंकण्याचंही तसंच. घरातल्या नऊ जणांनी दिलं नाही आणि दहाव्याने कधीतरी घास टाकला, की भुंकणं जन्मभराचं. सगळ्यांनी एकदम थांबवलं तर पहिले काही दिवस भुंकणं आधीपेक्षा वाढतं. लोक तिथेच हार मानून तुकडा देतात आणि त्याला शिकवून बसतात, की आणखी जोरात भुंकलं की मिळतं. वाढलं म्हणजे आता ओसरणार, हे धरून चला, आणि जेवायला बसण्याआधीच त्याला त्याच्या गादीवर चघळायला काहीतरी द्या.

सहा महिने ते दीड वर्ष हा काळ आईबापांना ओळखीचा वाटेल. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की आठ महिन्यांचे कुत्रे पाच महिन्यांच्या मानाने आपल्याच माणसाचं कमी ऐकतात, परक्याचं मात्र ऐकतात. याच वयात बरेच कुत्रे सोडून दिले जातात. शिकवलेलं पुसलं गेलेलं नसतं. दोन पायऱ्या मागे जा, दोरी पुन्हा लावा, खाऊ वाढवा, काही महिने काढा.

वर्तन अचानक बदललं तर आधी दुखणं शोधा. कानाची लागण, सांधेदुखी, दातातला पू यांनी गरीब कुत्राही चावतो, आणि तिथे कोणताही सराव उपयोगी पडत नाही. तपासणीत काही निघालं नाही तर ट्रेनर शोधा आणि त्याला दोन प्रश्न विचारा: कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात झटका, काट्यांचा पट्टा किंवा ‘धाक’ आला, किंवा अमुक दिवसांत सुधारण्याची हमी मिळाली, तर दुसरा ट्रेनर बघा.